चुळांचा ठराव

बोरकिनी, ता. लोहारा
२८ ऑगस्ट २०२४

चि. उमाशंकर,

वाशीच्या तालुका कोर्टात तुझी वकिली कशी चालली आहे हे विचारायला हे पत्र नाही. ती चालतच असणार. भांडणारी माणसं काही कमी झालेली नाहीत. मी तुला एक काम पाठवते आहे.

आमच्या ग्रामपंचायतीने असं ठरवलं आहे की आरोही जन्मलीच नाही.

हसू नकोस. आरोही म्हणजे माझ्या समोरच्या घरातल्या सारजाबाईची नात. लातूरला नर्सिंगला तिचा नंबर लागला आहे. कॉलेजला जन्माचा दाखला हवा, कारण शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांसारखी तिचीही जन्मतारीख एक जून टाकून ठेवली आहे आणि आधार कार्डावर कुणीतरी तिसरीच. दहा ऑक्टोबरपर्यंत दाखला दिला नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. जन्माची वही ग्रामसेवकाच्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात आहे, आणि तो म्हणतो, देता येत नाही.

का, तर आजीने शिवी दिली म्हणून.

जुलैत पंचायतीने गटारीसाठी सारजाबाईच्या दारात चर खणला आणि तसाच टाकून दिला. तिचं रेडकू त्यात पडलं, पुढचा पाय मोडला. ती तशीच पंचायतीच्या दारात गेली आणि सरपंच उत्तरेश्वर व त्याच्या मागच्या तीन पिढ्यांबद्दल तिला काय वाटतं ते तिने सांगितलं. गावात शिवीगाळीविरुद्ध कसलासा ठराव झालेला आहे म्हणे. त्याखाली आता त्या घराला पंचायतीचा एकही कागद मिळायचा नाही. आजी बोलली, म्हणून नात जन्मली नाही. असला कायदा निजामानेसुद्धा केला नसता.

आणि मी साक्षीदार आहे. १२ नोव्हेंबर २००६. मी सोलापूरहून रजेवर आले होते. माकणीहून सुईण येईपर्यंत पोर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन नोंद मीच दिली. खबर देणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे, कॉन्व्हेंटच्या वळणाची, चार हातांवरून ओळखू यावी अशी.

तेव्हा ग्रामसेवकाला नोटीस पाठव. संविधानातली जी कलमं लागत असतील ती सगळी लाव. सरकारला वाटतं, माणसाचा कागद अडवला की माणूस अडतो.

फोन करू नकोस. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात हेडफोन लावून बसले. आता उरलेल्या आयुष्यात कानाला काही लावणार नाही. पत्र लिही. वाचता येईल असं लिही.

तुझी
भुवनेश्वरी अक्का

*

वाशी
२ सप्टेंबर २०२४

अक्का,

शरणु शरणार्थी. तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अक्कांनी वकील व्हायला हवं होतं आणि तुम्ही टेलिफोनवर बसायला.

आरोहीचा दाखला अडवायचा कुणालाच अधिकार नाही, हे आधी सांगून टाकतो. जन्म झाला, नोंद झाली, उतारा मागितला की द्यायचा. तेवढंच ग्रामसेवकाचं काम. आजीचं तोंड कसं आहे हा त्यातला रकाना नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात आणून देतो. तुम्ही ‘सरकार’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर मुंबई नाहीतर दिल्ली असते. संविधानाच्या बाराव्या अनुच्छेदात ‘राज्य’ कुणाला म्हणायचं ते लिहिलं आहे, त्यात गावोगावच्या संस्थासुद्धा येतात. म्हणजे तुमची बोरकिनीची पंचायत, जिच्या खोलीत पावसाळ्यात बादली ठेवतात, तीही सरकारच. दिल्लीला जो लगाम तोच तिला. माणसाचे मूळ हक्क मोडतील असे नियम करायचे नाहीत, मग ते दिल्लीत केलेले असोत की चावडीत.

आता मला तीन गोष्टी हव्यात. ठरावाची प्रत. सारजाबाई नेमकं काय बोलल्या आणि ते कुणी नोंदवलं. आणि शिक्षा ठरवण्याआधी त्यांना कुणी काही विचारलं का.

आणखी एक. ठराव लिहिला कुणी? ग्रामसेवक जुन्या ठरावांची तारीख बदलून नवे करतात, हे मी वीस वर्षं बघतो आहे. असलं नवं काही त्यांना सुचत नाही. यामागे कुणीतरी डोकेबाज माणूस असणार. त्याचा जरा शोध घ्या.

तुमचा
उमाशंकर

*

बोरकिनी
८ सप्टेंबर २०२४

चि. उमाशंकर,

ठरावाची प्रत मिळाली नाही. ग्रामसेवकाकडे तीन गावं आहेत. तो आठवड्यातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा नुकताच गेलेला असतो. सारजाबाई काय बोलली ते मी लिहू शकत नाही. तिला कुणी काही विचारलं नाही.

ठराव कुणी लिहिला याच्या मागे तू लागू नकोस. वकिलाने मुद्द्याचं बघावं. ज्या कुणी लिहिला त्याचा हेतू वाईट नसावा. इथे पाच-पाच वर्षांची पोरं आईबहिणीवरून बोलतात आणि बाप कौतुकाने बघतात. शिवी कुणीही कुणाला देवो, ती पडते बाईच्याच अंगावर. एक्स्चेंजात ट्रंक कॉलला उशीर झाला की सोलापूरचे मोठमोठे व्यापारी मला काय काय म्हणायचे, ते मी आजवर आईलाही सांगितलं नाही. उलट उत्तर द्यायचं नाही असा नियम होता. ‘कृपया प्रतीक्षा करा.’ एकतीस वर्षं. तेव्हा कुणाला असा ठराव करावासा वाटला तर मी त्या माणसाला मूर्ख म्हणणार नाही. भाषाही बरी आहे, असं ऐकते.

चूक अंमलबजावणीत आहे. सरपंचाचा पुतण्या व्हॉलीबॉल खेळताना जे बोलतो ते माकणीच्या धरणापर्यंत ऐकू जातं. त्याच्या घरचे दाखले कुणी अडवलेले नाहीत. तू अंमलबजावणीवर नोटीस दे.

सारजाबाई आठ दिवस झाले इकडे फिरकलेली नाही. सकाळी भाकरी घेऊन यायची, अर्धी मला द्यायची, माझा चहा प्यायची आणि गावाला नावं ठेवायची. मला भाकरी थापता येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

भुवनेश्वरी अक्का

*

बोरकिनी
११ सप्टेंबर

वकीलसायेब,

रामराम. म्या सारजाबाई बोलतीया, आरोही लिवतीया. वाशीचा पत्त्या तिनं बाईच्या पाकिटावरनं घेतला, बाईला ठावं न्हाय. तुमीबी सांगू नका.

म्या शिवी दिली का, तर व्हय, दिली. न्हाय म्हननार न्हाय. रेडकू चरात पडून वरडत हुतं आन् सरपंच आत बसून च्या पीत हुता. म्हनला, अर्ज द्या. रेडकाचा पाय मोडल्यावर मानूस अर्ज लिवीत बसतं व्हय? तोंडातनं आलं ते आलं. मग म्हनले, चुळा भरा. चार मानसांम्होरं नळावर हुबं ऱ्हाऊन म्या थुंकायचं. चर त्यांनी खनायचा, रेडकू माजं पडायचं, आन् चुळाबी म्याच भरायच्या? न्हाय भरल्या. भरनारबी न्हाय.

पर माजी इनंती येगळी हाय. त्यो ठराव कुनी केला ते कोर्टात काढू नका. कागदावर त्या मानसाचं नाव यिऊ दिऊ नका. त्यो मानूस वंगाळ न्हाय. लई शिकलेला हाय, तेवढंच. आमच्या पोरीला त्याच मानसानं इंग्रजी शिकवलं, नरशिंगचा फारम भरला, फोटू काडाय सास्तूरला घिऊन गेला. गावाम्होरं त्या मानसाची मान खाली गेली तर मला कसं बरं वाटंल?

पोरीचा कागद तेवडा काढून द्या. दुसऱ्या कशाला हात लावू नका.

सारजाबाई

ता. क. वकीलकाका, हे आजीने सांगितलेलं नाही, मी लिहिते आहे. मधल्या शिव्या मी गाळल्या. नऊ होत्या. — आरोही

*

वाशी
१८ सप्टेंबर २०२४

अक्का,

शरणु शरणार्थी. लोहाऱ्याला तारखेला गेलो होतो, तेव्हा पंचायत समितीत डोकावलो. ठरावाची प्रत मिळाली. समोर ठेवूनच लिहितो आहे.

“ठराव क्रमांक सात. गावात कोणीही, कोणत्याही प्रसंगी, कोणाच्याही आईबहिणीचा उद्धार केल्यास त्याने पंचायतीच्या नळावर कोमट मिठाच्या पाण्याच्या पाच चुळा भराव्यात. गिळलेली चूळ मोजली जाणार नाही.”

सोलापूर, १९७४. मी आठ वर्षांचा, शिकायला आत्याच्या म्हणजे तुमच्या घरी. मोरीच्या कडेला मी उभा, तुम्ही हातात तांब्या घेऊन. मी शेजारच्या पोराला काहीतरी बोललो होतो. तिसरी चूळ मी गिळली आणि तुम्ही म्हणालात, गिळलेली मोजणार नाही. पन्नास वर्षं झाली, अक्का. जिल्ह्यात हे वाक्य लिहिणारं दुसरं माणूस असेल तर मला त्याला भेटायचं आहे.

तुम्ही मला अंमलबजावणीवर नोटीस द्यायला सांगितलीत. नोटीस दिली आहे, पण ती ठरावावर. कारण चूक तिथेच आहे. कायदा विधिमंडळ करतं, मोडणाऱ्याला शिक्षा कोर्ट करतं, आणि ग्रामसभेला राज्याच्या कायद्याने जेवढे अधिकार दिलेत तेवढेच असतात. चुळांची शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही. एकाच्या बोलण्याबद्दल दुसऱ्याचा दाखला अडवणं तर कुठल्याच डोक्यात यायला नको. तुम्ही म्हणाल, सगळ्या गावाने हात वर केले. अख्ख्या गावाने दोन्ही हात वर केले असते तरी एका आरोहीचा जन्म रद्द होत नाही. सगळे एकीकडे आणि एकटं माणूस दुसरीकडे, अशी वेळ येणार हे ओळखूनच ते हक्क लिहून ठेवले आहेत. सगळे मिळून चांगुलपणाने काही करायला निघतात तेव्हा तर ते जास्तच लागतात.

तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण कागद सरपंचाच्या हातात गेला की हेतू तुमच्यापाशी राहतो आणि कागद त्याच्यापाशी.

आता अडचण ऐका. ग्रामसेवक नोटिशीवर बसून राहील. त्याच्यावर अपील केलं तर महिना जाईल. दहा ऑक्टोबर हातची निघून जाईल. पण दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. ठराव जिथे झाला तिथेच मोडता येतो, कुणी उभं राहिलं तर.

आणि सारजाबाईंचे शब्द कुणी नोंदवले, ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

उमाशंकर

*

बोरकिनी
२३ सप्टेंबर २०२४

चि. उमाशंकर,

हो. मीच लिहिला.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी तुझ्यावर रागावले, मग ग्रामसेवकावर, मग लोहाऱ्याच्या त्या कारकुनावर, ज्याने तुला प्रत दिली. दुपारपर्यंत रागवायला कुणी शिल्लक उरलं नाही. मग ठराव काढून पुन्हा वाचला. भाषा चांगली आहे. तेवढंच चांगलं आहे.

एक मेच्या ग्रामसभेत मी तो वाचला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांनीही हात वर केले. बायका बघत होत्या, करतात काय. पहिल्या महिन्यात सतरा जणांनी चुळा भरल्या. किराणावाला श्रीशैल पहिला. मी नळापाशी खुर्ची टाकून मोजत बसले होते. तुला खरं सांगते, फार बरं वाटलं. ट्रंक कॉलवरचे सगळे आवाज एकेक करून समोर येऊन चुळा भरताहेत असं वाटलं. शाळेत सिस्टर साबणाने तोंड धुवायच्या. मी मिठावर आणलं, म्हणजे मी दयाळू, अशी माझी समजूत होती.

चुळा भरल्या नाहीत तर त्या घराचे दाखले बंद, हे कलम मी शेवटी घातलं. जरब नसली तर कोण ऐकतो. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सरपंचाचा पुतण्या होता. शिवी देणाऱ्यांच्या वहीत त्याचं नाव मी पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा उत्तरेश्वर म्हणाला, बाई, खेळातलं धरायचं नसतं. सारजाबाईचं मी एकदाच लिहिलं. ते धरलं.

वाचलंस ना. वही माझ्याकडे असते. ती पंचायतीच्या दारात उभी राहून बोलत होती आणि मी आत खुर्चीवर होते. मी लिहिलं, “शब्द लिहिण्याजोगे नाहीत.” खाली सही केली. तिने मला लिहिताना पाहिलं, वळली आणि चर ओलांडून घरात गेली. तुला मी लिहिलं होतं की ती आठ दिवस आलेली नाही. दोन महिने झाले.

आरोही जन्मली, ही खबर सरकारला मी दिली. तिचा दाखला अडवणारी नोंदही माझीच. दोन्ही सह्या एकाच वळणाच्या आहेत. शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणालाही कळेल. जन्मभर मी सरकारला नावं ठेवत आले आणि सरकार माझ्याच खुर्चीवर बसून चुळा मोजत होतं.

आता काय करायचं ते सांग. ओशाळं वाटेल असं काही असेल तर ते आधी सांग.

भुवनेश्वरी अक्का

*

वाशी
२६ सप्टेंबर २०२४

अक्का,

घाईत लिहितो, म्हणजे पत्र दोन तारखेच्या आत पोचेल.

ओशाळं वाटेल असंच आहे. उभं राहायचं आणि बोलायचं. चूक झाली असं म्हणा, न म्हणा, ते तुमच्यावर. पण एवढं म्हणाच, की गावाला हा अधिकार नव्हता. आणि कार्यवृत्तात काय लिहिलं जातं तिकडे लक्ष ठेवा. दया दाखवून दाखला देतील. तो घेऊ नका. आज दयेने मिळालेली गोष्ट उद्या रागाने जाते.

मी येणार होतो, पण वकील आला की गाव गप्प बसतं. तुम्हीच बोला.

त्या मोरीबद्दल आता सांगायला हरकत नाही. मिठाच्या चुळांनी माझ्या शिव्या सुटल्या नाहीत. तुमच्यासमोर द्यायच्या तेवढ्या बंद झाल्या. वाशीच्या कोर्टात कुणालाही विचारा.

उमाशंकर

*

बोरकिनी
४ ऑक्टोबर २०२४

चि. उमाशंकर,

दाखला मिळाला. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

सभेला दीडशेक माणसं होती. एवढी कधी नसतात. मी बोलणार हे फुटलं होतं. सारजाबाई मागे, खांबाला टेकून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसलेली. आरोहीच्या मांडीवर कागदांची पिशवी होती.

मी माईक घेतला आणि म्हटलं, ठराव क्रमांक सात मागे घ्यावा. उत्तरेश्वर हसून म्हणाला, “बाई, ठराव तुमचाच. तुम्हीच वाचला, आमी हात वर केले. आता शिव्या द्यायला परवानगी पायजे का?”

मी म्हटलं, “शिवी वाईटच. मी आजही म्हणते. कुणी दिली तर त्याला तोंडावर सांगेन, त्याच्या घरी जाऊन सांगेन. तो माझा हक्क आहे. पण त्याचा कागद अडवायचा अधिकार मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. तो आपल्याला कुणी दिलेलाच नव्हता. मी चांगल्या अक्षरात लिहिला म्हणून तुम्हाला तो आहे असं वाटलं, आणि मलाही.”

“मग त्या म्हातारीनं पंचायतीला बोललेलं चालतं?”

“पंचायतीला बोललेलंच सगळ्यात आधी चाललं पाहिजे. चर पंचायतीने खणला.”

तेवढ्यात बंडप्पा उठला. तुला आठवत असेल, भूकंपानंतर नव्या घरांचे नंबर चिठ्ठ्या टाकून ठरवले तेव्हा सगळ्यांच्या चिठ्ठ्या याने काढल्या होत्या. आता ऐंशीचा आहे. म्हणाला, “गुन्हा काय हाय ते तर वाचा. मला अजून ठावं न्हाय सारजा काय बोलली ते.” ग्रामसेवकाने माझ्याकडून वही घेऊन उघडली आणि वाचलं, “शब्द लिहिण्याजोगे नाहीत.” बंडप्पा म्हणाला, “मग सजा तरी कशी लिहिण्याजोगी झाली?” लोक हसले. उत्तरेश्वर म्हणाला, शब्द फार वाईट होते, सगळ्यांना माहीत आहे. बंडप्पा म्हणाला, मला माहीत नाही. मग मागून बायका म्हणाल्या, आम्हालाही नाही. त्यांना सगळं माहीत होतं.

उत्तरेश्वरने माईक माझ्यापुढे धरला. त्याला वाटलं, ही काही बोलायची नाही. “नोंद तुमची. सांगा तुमीच.”

उमाशंकर, मी सांगितलं. फोनवरून आलेली तार आम्ही देणाऱ्याला परत वाचून दाखवायचो, एकेक शब्द सुटा, आवाज न चढवता, म्हणजे चूक राहत नाही. तशी वाचली. आधी सरपंच, मग वडील, मग आजोबा, मग त्या घरातल्या बायका, क्रमाने. सत्तर वर्षांत जे शब्द माझ्या तोंडातून गेले नव्हते ते सगळे दोन मिनिटांत गेले, तेही कर्ण्यावरून. देवळातल्या गुरवाने दार लावून घेतल्याचं नंतर कळलं.

माझं झालं तसा मी माईक खाली ठेवला. मग खांबापासून आवाज आला, “बाई, मधलं एक ऱ्हायलं. रेडकाचं.”

तू ते हसणं ऐकायला हवं होतंस. बंडप्पाला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पुतण्या हसला. शेवटी उत्तरेश्वरलाही आवरेना. बिचारा काय करतो, रेडकाचं खरंच बाकी होतं.

मी म्हटलं, आता वहीत माझं नाव लिहा. मी चुळा भरणार नाही. पुढच्या महिन्यात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागेल, तो देऊ नका. गावात एक न जन्मलेली मुलगी आहे, एक मेलेली म्हातारी असू द्या. आम्ही दोघी कुठल्याच कागदावर नाही, तेव्हा तुमच्या कुठल्याच ठरावात बसत नाही. ग्रामसेवकाने पेन खाली ठेवलं.

हात वर झाले. ठराव रद्द. पण तू म्हणाला होतास तेच झालं. ग्रामसेवक लिहू लागला, “विशेष बाब म्हणून, सहानुभूतीपूर्वक विचार करून, कु. आरोही हिला दाखला देण्यात यावा.” मी खोडायला लावलं. उत्तरेश्वर म्हणाला, “बाई, कागद मिळाल्याशी मतलब. एका वाक्यानं काय होतंय?” मी म्हटलं, या गावाला एका वाक्याने काय होतं ते मी पाच महिने बघते आहे. शेवटी असं लिहिलं गेलं: “दाखला रोखण्याचा ग्रामसभेस अधिकार नव्हता व नाही.” ते वाक्य मी लिहिलं नाही. आरोहीने सांगितलं, ग्रामसेवकाने लिहून घेतलं. पोरगी पुढे येऊन उभी राहिली आणि सांगितलं.

मग कपाट उघडलं. उताऱ्यावर खबर देणाऱ्याचं नाव माझंच आहे.

घरी येताना सारजाबाई चराच्या पलीकडे थांबली. म्हणाली, “बाई, तुमाला बोलाय येत न्हाय. शिवी अशी हळूहळू देत्यात व्हय?” मी म्हटलं, मी दिली नाही, वाचली. ती म्हणाली, “त्येच म्हंते.”

भुवनेश्वरी अक्का

*

बोरकिनी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. उमाशंकर,

आरोही लातूरला गेली. वसतिगृहाच्या खोलीत चौघी आहेत. एक उदगीरची, ती झोपेत कानडी बोलते, असं तिने कळवलं आहे. तुला नमस्कार सांगितला आहे. आजीचं पत्र तुला परस्पर गेलं होतं, हेही तिने मला जाताना सांगितलं. मी सारजाबाईला काही बोललेले नाही. तूही बोलू नकोस. तिला वाटू दे की मला माहीत नाही.

पंचायतीने ठरावासाठी आणलेलं पाच किलो मीठ उत्तरेश्वरने शिपायाबरोबर माझ्याकडे पाठवून दिलं. म्हणे, आता याचं आम्ही काय करणार. टोमणा होता, पण मीठ चांगलं आहे. सारजाबाईने त्यात लिंबाचं लोणचं घातलं. एक बरणी तुझ्यासाठी ठेवली आहे. तुला खारट लागणार नाही, सवय आहे.

भाकरी रोज येते. अर्धी तिची, अर्धी माझी. गावाला नावं ठेवणं पहिल्यापेक्षा वाढलं आहे, कारण दोन महिन्यांची थकबाकी आहे.

चर मात्र तसाच आहे. रेडकू लंगडत का होईना, चालतं. तेच आता चर बघून वळसा घेतं. काल आम्ही दोघींनी बसून पंचायतीला अर्ज लिहिला. मजकूर तिचा, भाषा माझी. मी म्हटलं, शिव्या वगळू. ती म्हणाली, “वगळा की. पर सगळ्या वगळल्या तर त्याला कळायचं न्हाय आपुन रागावलो ते.”

मी विचार केला. ती म्हणते त्यात तथ्य आहे.

अर्ज सोबत जोडला आहे. एक ठेवली आहे. कायद्यात बसते का ते बघून उलट टपाली कळव.

तुझी
भुवनेश्वरी अक्का